काउंटर क्रमांक तीनवर न घडलेली गोष्ट

गुरुवारी, बँक लेम्बायुंगच्या योग्याकार्ता शाखेत, काउंटर क्रमांक तीनवर, म्बाक पालुपीनं आपल्या खात्यातली शिल्लक स्वतःच्या कानांनी ऐकली. तिच्या आधी ती कुणी ऐकली नाही, तिच्यासोबत कुणी ऐकली नाही, आणि नंतर तिनं ती कुणाला सांगितलीही नाही.

असं काही घडलेलं नाही. तसं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं आहे. निळ्या शाईत सह्या आहेत, त्यावर बँकेचा जांभळा शिक्का आहे, आणि खाली एक ओळ आहे की, ही न घडलेली घटना आम्ही कुठेही सांगणार नाही. पण घडलेली घटना सांगितली तर ती साक्ष होते. न घडलेली सांगितली तर ती नुसती थाप होते, आणि थापा मारायला आमच्या गावात अजून परवाना लागत नाही.

तर ही थाप.

पालुपी आमच्या गटात सगळ्यांची म्बाक, म्हणजे थोरली बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही. ही तिची तक्रार नाही. तिच्या तक्रारींची यादी बरीच मोठी आहे, पण त्यात हे येत नाही. सरकारी बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून देते. जिल्ह्यातले कोणकोणते अधिकारी बैठकीत घोरतात हे तिला नावानिशी ठाऊक आहे. तिचा लॅपटॉप तिला पडदा वाचून दाखवतो, तोही इतक्या भरभर की आपल्याला गरम तेलात मोहरी पडल्यासारखं वाटतं.

त्या लॅपटॉपवर तेम्पे आहे. विकतच्या विंडोजच्या जागी बसणारी ही प्रणाली आम्ही पोरापोरींनी मिळून केलेली. सोयाबीन आंबवून तेम्पे करतात, तसं हेही पुष्कळ जणांनी मिळून आंबवलेलं, म्हणून ते नाव. अधूनमधून वासही येतो. त्याचा सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, बदलावा, फुकट घेऊन जावा. अट एकच, कुठून आणलं ते सांगावं.

तेम्पे सुरू होताना सारोनचे, म्हणजे काशाच्या पट्ट्यांच्या वाद्याचे, तीन सूर वाजतात आणि तिसऱ्या सुरानंतर कुणीतरी खोकतं. सारोन पंजीच्या काकांचा, खोकलाही त्यांचाच. पंजी आमच्या गटातला सगळ्यात भांडखोर प्राणी. त्यानं काकांच्या गामेलान वाद्यवृंदाच्या तालमीत जाऊन ते सूर फोनवर टिपले, तेव्हा खोकला सोबत आला. तो काढावा की ठेवावा यावर आम्ही दोन वर्षं भांडलो. एक पक्ष म्हणाला, हे गबाळेपण आहे. दुसरा म्हणाला, हा वारसा आहे. तिसऱ्या पक्षानं वेगळं होऊन बिनखोकल्याचं तेम्पे काढलं. ते दोघेच जण वापरतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. शेवटी काकांनाच विचारलं. काकांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "माझा खोकला असा नाहीच." मग विषय तिथेच राहिला. खोकलाही.

पालुपीनं मात्र एकच हट्ट धरला होता. पडदा वाचणारा आवाज प्रत्येक तेम्पेच्या पोटात असलाच पाहिजे आणि तीन कळा एकदम दाबल्या की तो जागा झाला पाहिजे. पंजी म्हणाला, "पण ज्यांना नको त्यांच्यासाठी ओझं कशाला, म्बाक?"

"ज्याला लागतो त्याला तो कुठे ठेवलाय ते दिसत नसतं, शहाण्या," ती म्हणाली. "म्हणून सगळीकडेच ठेवायचा."

यावर मतदान झालं नाही. कुणाची छाती नव्हती.

बँक लेम्बायुंगचं पूर्वी संकेतस्थळ होतं. पालुपी त्यावर आपलं खातं स्वतः बघायची, म्हणजे ऐकायची. मग बँकेनं ते बंद केलं आणि त्याच्या जागी फोनवरचं ॲप आणलं. पालुपीच्या फोनवरही आमच्याचसारखी उघड्या कोडची प्रणाली, आणि त्यात वाचणारा आवाज. ॲप उघडलं की एक निरोप यायचा: "आपल्या फोनमध्ये संशयास्पद प्रणाली आढळली आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी ॲप बंद होत आहे. आपला दिवस प्रसन्न जावो."

तिचा दिवस प्रसन्न गेला नाही. ती शाखेत गेली, सोबत मी गेलो. शाखाप्रमुख बापाक, म्हणजे साहेब, सुबाग्यो यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यांनी सोबती आणलाय का?"

"यांना ऐकू येतं, बापाक," मी म्हणालो.

"हो का," ते म्हणाले, आणि आवाज चढवून तिला विचारलं, "सोबती आणलाय का?"

"मला सोबती नको आहे," पालुपी म्हणाली. "माझी शिल्लक सगळ्यात आधी माझ्या कानाला कळावी, एवढंच पाहिजे. तुमच्या ॲपला माझ्या फोनचा आवाज चालत नाही."

"तो सुरक्षेचा भाग आहे. तसल्या आवाजाचा अर्थ असा की, कुणीतरी तुमचा पडदा वाचतंय."

"मी वाचतेय."

"तेच तर. आमच्या यंत्रणेला त्यातला फरक कळत नाही. त्यापेक्षा एखादा विश्वासातला माणूस बघा, डोळस. त्याला पासवर्ड सांगून ठेवा, तो वाचून दाखवेल."

"तुमच्या दारावर पाटी आहे ना? पासवर्ड कुणालाही सांगू नका म्हणून. हा आत येताना वाचत होता."

बापाक सुबाग्यो मनापासून म्हणाले, "ती पाटी दिसणाऱ्यांसाठी आहे."

मी पालुपीकडे बघितलं. तिनं काठी घडी केली, उलगडली, परत घडी केली. ती रागावली की असं करते. काठी त्या वर्षी दोनदा बदलावी लागली होती.

"आमच्याकडे समावेशक एटीएम आहे की," सुबाग्यो म्हणाले. "दाराशीच आहे. त्याला कानात घालायची वायर लावता येते. उद्घाटनाला उपमहापौर आले होते."

आम्ही जाऊन बघितलं. वायर लावायचं भोक लांबी भरून बुजवलं होतं आणि वरून रंग दिला होता. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्यात कुणी काही खुपसून मशीन हॅक केलं तर? सुरक्षेसाठी बुजवलंय." उद्घाटनाचा फोटो मात्र चौकटीत शेजारीच टांगलेला होता. फोटोत उपमहापौर कानात वायर घालून हसत होते.

आता, हा त्रास पालुपीचा एकटीचा नव्हता. गटात ज्यांनी ज्यांनी फोनमधली कंपनीची प्रणाली काढून स्वतःची बसवली होती, त्या सगळ्यांना ॲपनं प्रसन्न दिवसाच्या शुभेच्छा देऊन हाकललं होतं. साधा माणूस अशा वेळी स्वस्तातला दुसरा फोन घेतो. आम्ही साधी माणसं नाही. गुलाम फोन, म्हणजे कंपनीच्याच प्रणालीवर चालणारा, खिशात ठेवायचा नाही, हे आमचं तत्त्व. म्हणून आम्ही सगळ्यांत मिळून एकच गुलाम फोन घेतला आणि तो खिशात न ठेवता डब्यात ठेवला.

डबा कृपुकचा, म्हणजे तळलेल्या कुरकुरीत पापडांचा. टपऱ्यांवर असतो तो, एका बाजूला काच असलेला पत्र्याचा. तो लिक तुकिनोच्या हातगाडीवर असायचा. लिक तुकिनो सगळ्या गल्लीचा काका आणि निखारा घातलेली कॉफी हा त्याचा धंदा. फोनला आम्ही नाव दिलं लुराह, म्हणजे गावचा पाटील. कारण तो कुणाचं ऐकत नसे आणि सगळ्यांचे पैसे त्याच्या हातात असत. शनिवारी संध्याकाळी गट जमला की लुराहांना कृपुकच्या चुऱ्यातून बाहेर काढायचं, पुसायचं आणि एकेकानं आपलं खातं उघडून व्यवहार करून घ्यायचे. सुरक्षेच्या नावाखाली बँकेनं आम्हाला आमच्या घट्ट कुलूप लावलेल्या फोनांतून बाहेर काढलं, आणि आमची सगळी खाती एका तेलकट डब्यात आणून ठेवली. ॲप त्यावर खूश होतं. हिरवी खूण यायची: "आपला फोन सुरक्षित आहे."

पालुपीचं खातं उघडताना ॲप तिचा चेहरा मागायचं. "डोळे ठिपक्याकडे वळवा." डोळे ठिपक्याकडे वळत नाहीत म्हटल्यावर मी लुराहांनाच तिच्या डोळ्यांभोवती फिरवायचो, आरती ओवाळतात तसं, आणि ॲपला वाटायचं, काय गुणी बाई आहे.

मग तिची शिल्लक मी वाचून दाखवायचो. लुराहांतही पडदा वाचणारा आवाज चालू केला की ॲप मिटायचं, म्हणून मी. कानात कुजबुजलं तरी त्या बाकावर कुजबूज म्हणजे जाहीर सभा. एका शनिवारी आकडा सांगून होतो न होतो तोच लिक तुकिनो कॉफीत निखारा टाकत म्हणाला, "या महिन्यात बरं झालं की, म्बाक. मागच्या महिन्यात मला काळजीच लागली होती."

पालुपीनं काठी घडी केली.

पुढच्या आठवड्यात मशिदीच्या समितीतले दोघे तिच्या दारात उभे. कुर्बानीच्या गायीत सातवा वाटेकरी मिळत नव्हता. "आम्हाला कळलं की या वर्षी तुम्हाला जमण्यासारखं आहे," ते म्हणाले.

त्या शनिवारी ती आली ती काठी घडी करतच.

"गिलांग," ती मला म्हणाली, "तुझ्या बापाला तुझी शिल्लक माहिती आहे?"

"नाही, म्बाक."

"तुझ्या होणाऱ्या बायकोला?"

"ती होणारच नाही, तर..."

"लिक तुकिनोला?"

"नाही."

"माझी माहीत आहे. मौलवीला माहीत आहे. गायीलासुद्धा माहीत असेल. मला कधी कळते? सगळ्यांत शेवटी, आणि तीही तुझ्या आवाजात. तू 'हजार' म्हणताना दया आल्यासारखं म्हणतोस."

"मी तसं नाही म्हणत."

"म्हणतोस," पंजी म्हणाला.

"म्हणतोस रे," लिक तुकिनोही म्हणाला.

मी त्यानंतर हजार हा शब्द घरी आरशासमोर म्हणून बघितला. म्हणतो मी तसा. त्या आरशाचा मला इतका राग आला की सांगता येत नाही.

आणि मग बँकेनं आमची खाती गोठवली.

सगळ्यांना एकच निरोप आला. एकाच फोनवरून अनेक खाती, अनेक चेहरे, सगळे व्यवहार शनिवारी संध्याकाळी, ठिकाण रस्त्यावरचं. यंत्रणेच्या मते आम्ही ऑनलाइन जुगाराची टोळी होतो. खुलाशासाठी त्या फोनसह शाखेत हजर राहावं, गुरुवारी, कामाच्या वेळेत.

आम्ही गेलो. पुढे पंजी, त्याच्या हातात डबा, डब्यात लुराह. मागे गटातले बाकीचे, शेवटी पालुपी आणि मी. पहारेकऱ्यानं डबा उघडून आत हात घातला आणि कृपुकचा एक तुकडा तोंडात टाकला. ही तपासणी होती.

बापाक सुबाग्योंनी आमच्यासाठी बैठकीचं टेबल लावलं होतं. प्रत्येकापुढे खाऊचा पुठ्ठ्याचा खोका: एक केळ्याचा केक, एक तिखट वडी, एक हिरवी मिरची. आमच्याकडे माणसाला फासावर देतानासुद्धा आधी खाऊचा खोका देत असतील.

"टोळीचा प्रमुख कोण?" सुबाग्योंनी विचारलं.

पंजीनं डबा पुढे सरकवला. "हे."

"मस्करी नको."

"मस्करी नाही, बापाक. आमच्यापैकी तुमच्या ॲपला हे एकटेच पसंत आहेत."

"तुम्ही आपापला साधा फोन का वापरत नाही?"

"वापरतो. तुमचं ॲप त्याला संशयास्पद म्हणतं. कारण आत काय चाललंय ते आम्हाला दिसतं."

"म्हणजे तुम्हीच त्यात फेरफार केला."

"घर आपलं असेल तर खिडकी पाडता येते ना?"

"बँकेच्या दृष्टीनं खिडकी हा धोका आहे," सुबाग्यो म्हणाले. ते वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असते तर भांडता आलं असतं. ते छापील होते.

खुलासा द्यायचा म्हणजे एकेकानं काउंटर क्रमांक तीनवर जायचं, तिथे म्बाक विदुरी खातं उघडणार, व्यवहार वाचणार, आणि आपण सांगायचं की हा जुगार नाही, ही इंटरनेटची वर्गणी आहे. विदुरी नवीन लागलेली. गळ्यात जांभळा स्कार्फ, चेहऱ्यावर बँकेनं शिकवलेलं हसू. पालुपीची पाळी आली तेव्हा सुबाग्यो स्वतः उठून आले.

"यांच्यासाठी सोबती लागेल. सही त्याची लागेल."

"सही मी करते," पालुपी म्हणाली. "माझं नाव मला लिहिता येतं. तुमच्यापेक्षा बरं येत असेल, कारण मी ते कुणाचं बघून गिरवलेलं नाही."

"नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"भिंतीवर," सुबाग्यो म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण शब्द गेला होता.

पालुपी उठली नाही, ओरडली नाही. तिनं काठी काउंटरवर आडवी ठेवली. "मी पैसे कमावते तेव्हा सोबती लागत नाही. तुम्ही ते घेता तेव्हा लागत नाही. ते किती आहेत हे मला कळायचं म्हटलं की मात्र एक माणूस मध्ये उभा करता. बापाक, चोराला तुम्ही एवढं लांब ठेवत नाही. तो निदान ॲपमध्ये तरी शिरतो."

विदुरीचं शिकवलेलं हसू त्या वाक्यावर विसरलं गेलं. ती पालुपीचं खातं उघडून बसली होती, आणि पडद्यावरचा आकडा तिला दिसत होता, मागच्या पहारेकऱ्यालाही दिसत होता. दोघांनी बहुतेक एकाच वेळी नजर खाली घातली.

तेवढ्यात वीज गेली.

आमच्या भागात ती जाते. त्यात विशेष काही नाही. बँकेतली बॅटरी यंत्रं सांभाळून घेते, पण त्या दिवशी तीही बसली. जनित्र घरघरलं, दिवे आले, काउंटरवरची यंत्रं पुन्हा सुरू व्हायला लागली. एरवी ती ग्राहक यायच्या आधीच सुरू होतात, म्हणून तो आवाज आजवर कुठल्या ग्राहकाच्या कानी पडला नसावा. काउंटर क्रमांक तीनच्या यंत्रातून सारोनचे तीन सूर आले.

आणि कुणीतरी खोकलं.

बैठकीच्या टेबलावर पंजीच्या हातातली मिरची तशीच राहिली. "माझा काका," तो म्हणाला.

पडद्यावर जांभळा रंग होता, बँकेचं चिन्ह होतं, आणि खाली लिहिलं होतं: लेम्बायुंग अभेद्य प्रणाली. आम्ही दोन वर्षं ज्या खोकल्यावर भांडलो, तो त्यांनी ऐकलादेखील नव्हता. नाव बदललं, रंग बदलला, कुठून आणलं ते सांगायचं राहिलं, आणि काकांना तसंच आत ठेवून दिलं.

"बापाक," पंजी उठत म्हणाला, "हे तेम्पे आहे. हे आमचं आहे."

"ही मुख्यालयानं तयार केलेली प्रणाली आहे," सुबाग्यो म्हणाले. "अत्यंत गोपनीय."

"मग माझा काका गोपनीय खोकतो म्हणा."

तिकडे हे चालू असताना इकडे पालुपी काचेच्या अगदी जवळ सरकली होती. तिचा राग मी ओळखतो, पण या वेळी काठी काउंटरवर तशीच पडून होती.

"विदुरी," ती हळूच म्हणाली, "माझं खातं परत उघडलंस का?"

"हो, म्बाक."

"बाळ, कीबोर्ड इकडे सरकव. काचेखालून."

"ते चालत नाही, म्बाक."

"माहीत आहे. काय चालत नाही त्याची यादी मला पाठ आहे." तिनं पिशवीतून कानात घालायची वायर काढली आणि टोक काचेखालून आत सरकवलं. "हे पुढच्या भोकात घाल. एटीएमचं बुजवलंय. तुमचं बुजवायचं बहुतेक सुचलं नसेल."

विदुरीनं सुबाग्योंकडे बघितलं. ते पंजीला टोळीची व्याख्या समजावत होते. तिनं पालुपीकडे बघितलं. मग तिनं स्कार्फ नीट केला आणि वायर भोकात घातली. कीबोर्ड काचेखालून बाहेर आला.

पालुपीनं दोन्ही हात त्यावर ठेवले. तीन कळा दाबल्या.

मला काही ऐकू आलं नाही. कुणालाच काही ऐकू आलं नाही. मोहरी फक्त तिच्या कानात तडतडत होती. तिची बोटं एकेक ओळ खाली उतरत होती. एकदा वर गेली, परत उतरली. ती हसली नाही, रडली नाही; हिशेब तपासणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा तिचा चेहरा होता. मी इतकी वर्षं दर महिन्याला तिला तो आकडा वाचून दाखवला, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. माझ्या आवाजात ऐकताना तिला चेहरा बंद ठेवावा लागत असावा.

तिनं वायर काढली.

"विदुरी, 'सोबती सुविधा शुल्क' म्हणजे काय?"

विदुरीनं पडदा बघितला. "दर महिन्याला कापलं जातं, म्बाक. ज्या ग्राहकांना सोबती लागतो त्यांच्या खात्यातून."

"मी कधी आणला सोबती?"

"आणला नाहीत म्हणून नियम मोडल्याचा दंडही लागलाय. तो खालच्या ओळीत आहे."

मी आजवर फक्त शिल्लक वाचली होती. खालच्या ओळी मी कधी वाचल्या नाहीत. मला वाटायचं, तिला शिल्लकच हवी असते. तिनं माझ्याकडे मान वळवली आणि परत फिरवली. त्या दिवशी तिला माझ्यापेक्षा मोठी गिऱ्हाइकं होती.

"बापाक सुबाग्यो," तिनं आवाज चढवला, त्यांनी पूर्वी तिच्यासाठी चढवला होता तेवढाच. "तुम्ही मला आंधळी असण्याचं भाडं लावलंय. आणि भरलं नाही म्हणून दंड."

सुबाग्यो वळले. त्यांनी काचेबाहेरचा कीबोर्ड बघितला, वायर बघितली, विदुरी बघितली. मग माणूस करतो तेच त्यांनी केलं: मुख्यालयाला फोन लावला.

पलीकडून काय बोललं जात होतं ते त्यांच्या उत्तरांवरून कळत होतं.

"हो. काउंटरचं यंत्र. हो, बाहेरच्या व्यक्तीनं... नाही, पासवर्ड तोडला नाही. ते आतच होतं म्हणतात... त्यांनीच ठेवलेलं... खोकला? हो, ऐकू आला. मला वाटायचं तो विदुरीचा आहे."

मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मुख्यालयात हुशार माणसं होती. त्यांना भानगड लगेच कळली. ही घटना घडली म्हणावं, तर बँकेच्या प्रत्येक काउंटरवर तेम्पे आहे हे मान्य करावं लागणार. आणि तेम्पेसारख्या उघड्या प्रणालींना बँकेचं ॲप संशयास्पद मानतं. म्हणजे नियमाप्रमाणे बँकेनं स्वतःलाच गोठवून, खुलाशासाठी स्वतःच्याच शाखेत, डबा घेऊन हजर व्हायला हवं.

म्हणून घटना घडली नाही.

कागद छापून आला तेव्हा मिरच्या संपल्या होत्या. आमची खाती आम्हाला परत, जुगाराचा आरोप मागे, शुल्क आणि दंड "तांत्रिक कारणास्तव" परत. बदल्यात आम्ही लिहून द्यायचं की गुरुवारी काउंटर क्रमांक तीनवर काहीही झालं नाही. पंजी म्हणाला, मी सही करणार नाही, आधी त्यांनी कुठून आणलं ते लिहावं. सुबाग्यो म्हणाले, जे आणलंच नाही ते कुठून आणलं हे कसं लिहिणार. पंजीनं घरी फोन करून काकांना विचारलं. काका म्हणाले, माझा खोकला नाहीच तो, सही करून मोकळा हो.

पालुपीनं सही केली. स्वतः, सोबत्याशिवाय. न घडलेल्या गोष्टीवर सही करायला सोबती लागत नाही, असं निघालं.

पुढच्या सोमवारी मी शाखेत गेलो. विदुरी काउंटरवर नव्हती; तिला दारातल्या टोकन यंत्रापाशी उभं केलं होतं. तिनं मला नंबर दिला आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "रविवारी मुख्यालयातून माणसं आली होती. आता यंत्रं मुकाट सुरू होतात."

"आणि तीन कळा?"

"दाबून बघितल्या," ती म्हणाली. "काही होत नाही."

आम्ही दोन वर्षांत जे ठरवू शकलो नाही ते त्यांनी एका रविवारी ठरवलं. खोकला काढला. त्याच्या सोबत आवाजही काढला. पुढचं भोक लांबी भरून बुजवलं, वरून जांभळा रंग दिला.

शनिवारी लुराह डब्यातून बाहेर आले. पालुपी बाकावर बसली. मी शिल्लक वाचून दाखवायला तोंड उघडलं आणि तिनं हात वर केला.

"नको. मला माहीत आहे."

"आठवडा उलटलाय, म्बाक. बदलली असेल."

"मी त्या दिवशी ऐकली, तेव्हापासून बेरीज-वजाबाकी मनात करतेय. जमतंय तोवर करीन." काठीची एक घडी. "चुकले तर तुला सांगणार नाही."

लिक तुकिनोनं कॉफीत निखारा टाकला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

मग तिनं मला लॅपटॉप काढायला सांगितला आणि बँकेला अर्ज लिहून घेतला. तिला स्वतः टाइप करता येतं, माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं. पण ती म्हणाली, सोबती लागतो ना, मग घ्या सोबती. तो अर्ज मुख्यालयात पोचल्याची पावती आहे. उत्तर आलेलं नाही. अर्जातली शेवटची ओळ अशी:

"तरी नम्र विनंती की, गुरुवारी काउंटर क्रमांक तीनवर जी घटना घडली नाही असे उभयपक्षी मान्य झाले आहे, ती घटना यापुढे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, कार्यालयीन वेळेत, त्याच काउंटरवर, सोबत्याविना व शुल्काविना, त्याच पद्धतीने पुन्हा न घडण्यास आपल्या स्तरावरून लेखी मंजुरी मिळावी."